न सांगितलेला आकडा

बुधवारी कमलम्माचा अंगठा मशीनला लागला नाही, आणि त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

ज्वारीची काढणी सुरू होऊन बारा दिवस झाले होते. मंगळवेढ्याच्या बाजूची काळी जमीन माघात अशी आवळते की ताट मुळासकट उपटताना सगळ्या अंगाचा भार मागं टाकावा लागतो. दोन्ही हातांनी बुडाशी धरायचं, मागं कलायचं, माती फुटून ताट सुटलं की आपला तोल आपणच सांभाळायचा. दिवसभर तेच. चौथ्या दिवशी हाताला फोड येतात, सहाव्या दिवशी फुटतात, आणि दहाव्या दिवसापर्यंत बोटांची कातडी जुन्या चपलेच्या तळासारखी गुळगुळीत होते. मग गावात अनिलकुमारच्या दुकानातलं बँकेचं अंगठ्याचं मशीन कुठल्याच बाईला ओळखत नाही.

अनिलकुमारनं कमलम्माला अंगठा धुवायला लावला. खोबरेल लावून बघितलं, पदराला पुसून बघितलं. तिनं स्वतः त्यावर फुंकर मारली. लाल दिवा लागायचा तो लागलाच. शेवटी तो म्हणाला की शिमगा झाल्यावर या, तोवर कातडी येईल.

पण कमलम्माला शिमग्यापर्यंत थांबता येत नव्हतं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी इंडीला दिलेली, ती तिच्या संसारात. घरकुल मंजूर झालं होतं, भिंती डोक्याच्या वर गेल्या होत्या आणि वरच्या कामाचा हप्ता खात्यात येऊन पडला होता. शनिवारी गवंडी येणार होता. तोवर ती त्या बिनछपराच्या भिंतींच्या आत, एका कोपऱ्यात ताडपत्री ताणून झोपत होती. आणि दोन दिवसांपासून आभाळ भरून येत होतं.

आभाळाची काळजी सगळ्यांनाच होती. नागूबाईच्या टोळीत सात बायका. नागूबाईनं साडेतीन एकर रान गुत्त्यावर घेतलं होतं, म्हणजे किती दिवस लागतील ते लागोत, रान मोकळं करून द्यायचं. उभ्या ज्वारीवर पाऊस पडला तर दाणा काळा पडतो आणि पुढच्या वर्षी मालक दुसरी टोळी बघतो. म्हणून नागूबाई पाठ सरळ करायला उभी राहिलेल्या बाईकडं नुसतं बघायची. तेवढं पुरायचं.

तिची सून प्रतिक्षा उपटत नव्हती. तिच्या अंगावर दहा महिन्यांची राजनंदिनी होती. ती बायकांच्या मागून पेंढ्या बांधत यायची. बाभळीला बांधलेल्या झोळीतून रडं ऐकू आलं की जायची, पोरीला पाजायची, पुन्हा यायची. दूध दाटून आलं की तिला पोरीच्या आधी कळायचं. झंपर ओला व्हायचा आणि त्यात ठेवलेला फोन चिकट व्हायचा.

त्या फोनवर साऱ्या टोळीचा भार होता. तीन वर्षांपूर्वी गावात खाती उघडायला माणसं आली तेव्हा प्रत्येकीला मोबाइल नंबर विचारला होता. कुणाकडं फोन नव्हता, कुणाचा नवऱ्याच्या खिशात, कुणाचा रिचार्ज संपून बंद. बारावी शिकलेल्या प्रतिक्षाचा तेवढा नंबर लग्नाआधीपासून एकच. मग कमलम्मानं तोच सांगितला, तिच्या मागून यशोदानं, मग बाकीच्यांनी. बँकेचा कुठलाही निरोप आला की प्रतिक्षाच्या छातीशी थरथरायचा. यशोदा म्हणायची, "आमची बँक हिच्या पोलक्यात हाय. पोरगी दूध पिती आन आमचं व्याजबी पिती."

गुरुवारी दुपारी भाकरी खाताना फोन थरथरला. प्रतिक्षानं वाचलं. प्रिय ग्राहक, तुमची केवायसी अपूर्ण असल्याने तुमचे खाते आज बंद होत आहे. त्वरित खालील नंबरवर संपर्क करा.

तिनं ते मोठ्यानं वाचलं हीच चूक झाली. कमलम्माच्या हातातला घास हातातच राहिला.

"माझंच," ती म्हणाली. "काल अंगठा लागला न्हाय ना. म्हून."

प्रतिक्षालाही तसंच वाटलं. काल अंगठा लागला नव्हता, आज निरोप आला होता, एकापुढं एक बरोबर बसत होतं. तिनं मांडीवरच्या पोरीला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं नंबर लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. ताई म्हणत होता. तिनं सांगितलं की आमच्या मावशीचा अंगठा लागत नाही, तर तो लगेच म्हणाला, हो, अंगठ्याचाच प्रॉब्लेम दिसतोय इथं, अर्ध्या तासात केलं नाही तर पैसे सरकारला परत जातील. मग त्यानं विचारलं की खातं कुठल्या बँकेत आहे.

राजनंदिनीनं तेवढ्यात तिच्या गळ्यातल्या मण्यांना हिसका दिला. ते सोडवेपर्यंत प्रतिक्षा गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यात तो प्रश्न तिच्या कानात परत वाजला. बँक आपल्यालाच विचारते, तुमची बँक कुठली?

"तुमी कुठल्या बँकेतनं बोलताय?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, हेड ऑफिस. सगळ्या बँकांचं. बरं, मावशीचं नाव काय?

तिनं फोन ठेवला. त्याला नाव ठाऊक नव्हतं, बँक ठाऊक नव्हती. अंगठ्याचं तर त्याला आपणच सांगितलं होतं. नंबरही साधा, कुणाच्याही खिशातल्या फोनसारखा दहा आकडी. हे तिनं बायकांना एकेक करून सांगितलं. असे फोन सगळीकडं येतात, माणसं लुटतात, नवरा संघपाल ज्या कारखान्यात आहे तिथल्या एकाचा पगार असाच गेला, हेही सांगितलं.

बायकांनी ऐकून घेतलं. यशोदा म्हणाली की मेल्याला आपल्या खात्यात काय घावणार, माझ्या खात्यात तर माझा फोटोच तेवढा हाय. सगळ्या हसल्या. कमलम्मा हसली नाही. ती वर बघत होती. आभाळ पांढुरकं होतं, ऊन असूनही सावल्या पडत नव्हत्या.

"त्या माणसानं सांगितलं आज बंद, आन हिनं फोन ठिवला," ती कुणाला न उद्देशून म्हणाली आणि आपल्या वाट्याच्या ओळींकडं, पातीकडं चालू लागली.

संध्याकाळी ती शेजारच्या सिद्धारामच्या किराणा दुकानात गेली. सिद्धाराम तिच्यासारखाच कानडी बोलणारा, वयानं थोरला, तिच्या अडीअडचणीला उभा राहणारा. नंबर तिनं प्रतिक्षाकडूनच नेला होता. अनिलकुमारला दाखवते म्हणाली होती. सिद्धारामनं तो लावला, दोघं मिळून बोलले. पलीकडच्या माणसानं दोन वाक्यं मराठीत ऐकली आणि फोन दुसऱ्याकडं दिला. तो दुसरा कानडीत बोलला. सिद्धारामनं चष्मा लावून पासबुकावरचे आकडे वाचून दाखवले, मग पिन न काढलेल्या, कधीच न वापरलेल्या कार्डावरचे पुढचे, मग मागचे. त्या माणसानं सांगितलं की आता सहा आकडे येतील, तेवढे द्या की झालं. ते आकडे दुसऱ्याच मुलीच्या फोनवर येतात हे कळल्यावर म्हणाला, हरकत नाही, सकाळी त्या मुलीला जवळ बसवा, मी साडेआठला करतो.

हे सगळं प्रतिक्षाला शुक्रवारी सकाळी कळलं. कमलम्मा पातीला न लागता थेट बाभळीखाली आली, झोळीशेजारी बसली आणि सिद्धारामचा मागून आणलेला फोन पदरातून काढून पुढ्यात ठेवला.

"तुज्या फोनवर आकडा येईल आता. तेवढा सांग."

प्रतिक्षाच्या हातात पेंढीचा बंध होता. काय झालं असेल ते तिला कमलम्माच्या तोंडाकडं बघूनच कळलं. ती काही विचारणार तोच तिचा फोन थरथरला. सहा आकडे होते, आणि खाली लिहिलं होतं की हा आकडा कुणालाही सांगू नका. जवळजवळ त्याच वेळी सिद्धारामचा फोन वाजायला लागला.

"आला न्हवं?" कमलम्मा म्हणाली. "सांग."

"मावशी, हितं लिवलंय, कुणाला सांगू नका."

"कुणाला म्हंजी परक्याला. माझं खातं, माझं पैसं, माझा आकडा. मी परकी हाय व्हय?"

आकडा खरंच कमलम्माचा होता. तो तिला न सांगण्याचा हक्क प्रतिक्षाला कुणी दिला होता? ती म्हणाली की तुम्हाला सांगितला की तुम्ही त्याला सांगणार, आणि मग घर गेलं. कमलम्मा म्हणाली, घर माझं हाय, जाऊ दे न्हायतर राहू दे. समोरचा फोन वाजून थांबला, परत वाजू लागला. पोरगी जागी झाली. पातीतल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. आज नागूबाईनं त्यांच्याकडं बघितलं तरी कुणी वाकलं नाही.

मग कमलम्मा जे बोलली ते हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"सात बायकांचा पैसा छातीला लावून बसलीस. आता कळलं, कशापाई."

नागूबाई हातातली ताटं खाली टाकून आली. तिच्या हाताला बांधलेल्या चिंध्यांवर वाळलेलं रक्त होतं. सुनेला ती सहसा चारचौघांत बोलायची नाही.

"दिऊन टाक," ती म्हणाली.

"आत्या, चोर हाय त्यो."

"असंल. तिचं हाय, ती बुडवंल. उद्या गावात बोलतील की नागूबाईच्या सुनंनं पैसं दाबलं. आपल्या घराला हे परवडत न्हाय. तुज्या सासऱ्यानं जन्मभर दुसऱ्याच्या खळ्यात राखण केली, दाणा उचलला न्हाय कुणाचा. दिऊन टाक."

प्रतिक्षानं संघपालला फोन लावून बघितला. चिंचोळीला कारखान्यात पाळीवर आत जाताना फोन गेटवर ठेवून घेतात, हे तिला माहीत होतं. तरी लावला. वाजत राहिला. तिला वाटलं, द्यावा. एक आकडा, सहा अंक, आणि सगळं शांत होईल. पोरगी पदराला ओढत होती, झंपर ओला झाला होता, सात बायका बघत होत्या. दिला असता तर कुणीच तिला बोल लावला नसता.

तिनं फोनचं बटण दाबून तो बंद केला, पार बंद, आणि पोरीला पाजायला घेतलं.

"मी बँकंत येते तुमच्यासंगं," ती खाली बघत म्हणाली. "साडेनवाची गाडी घावंल. बँकवाल्यांनी मागितला तर तितं आकडा देते, हे हितं सगळ्यांसमोर लिवून देते. त्याला न्हाय देत."

कमलम्मा उठली. तिनं सिद्धारामचा फोन यशोदाच्या हातात दिला आणि बांधाबांधानं रस्त्याकडं निघाली. तिची पात तशीच अर्धी उभी राहिली. मागून प्रतिक्षा पोरीला कडेवर घेऊन निघाली. थोड्या वेळानं यशोदा धावत आली आणि फडक्यात बांधलेली भाकरी प्रतिक्षाच्या पिशवीत कोंबून गेली. सासूनं दिली, एवढंच म्हणाली.

एसटीत कमलम्मा पुढच्या बाकावर बसली, प्रतिक्षा मागच्या. दोन सीटा शेजारी रिकाम्या होत्या तरी.

मंगळवेढ्याला बँकेत गर्दी होती. रानातनं निघून आधी घरी पासबुक घ्यायला गेल्या होत्या, त्यात साडेनवाची गाडी चुकली, म्हणून पोचायलाच साडेअकरा झाले. रांगेत प्रतिक्षानं पोरीला भिंतीकडं तोंड करून पाजलं. भिंतीवर एक कागद चिकटवला होता, फसवणूक झाल्यास एकोणीसशे तीसवर कळवा. तिनं तो दोनदा वाचला. कमलम्मा तिच्या पुढं उभी होती, कणसाची कुसं अजून तिच्या पदरात अडकलेली.

खिडकीमागच्या बाईच्या गळ्यात राजश्री नावाचं कार्ड होतं. तिनं पासबुक घेतलं, स्क्रीनकडं बघितलं, मग कमलम्माकडं.

"कार्डाचा नंबर कुणाला सांगितला होता का, मावशी?"

कमलम्मानं मागं वळून प्रतिक्षाकडं बघितलं. प्रतिक्षानं सांगितलं.

"आज सकाळी तीनदा पैसे काढायचा प्रयत्न झालाय. ओटीपी, म्हणजे तो सहा आकड्यांचा नंबर, टाकला गेला नाही म्हणून अडकलंय." तिनं किती पैसे आहेत ते सांगितलं. होते तेवढेच होते. मग ती कंटाळलेल्या, पण वाईट नसलेल्या आवाजात बोलू लागली. रोज दोन-चार जण येतात असे. बँक कधी फोनवर नंबर मागत नाही. कार्ड बंद करते, नवीन आठ दिवसांनी येईल. स्लिपवर पैसे द्यायचे तर शाईचा अंगठा मॅनेजर साहेबांच्या समोर लागतो, साहेब आज सोलापूरला गेलेत, सोमवारी या. आणि मोबाइल दुसऱ्याचा कशाला दिलाय? स्वतःचा द्या.

स्वतःचा कुठला, हे कमलम्मानं तिला सांगितलं नाही. तिनं पासबुक पदरात बांधलं आणि बाहेर आली.

आभाळ आता काळं व्हायला लागलं होतं. स्टँडवर गाडीला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या. प्रतिक्षानं भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी कमलम्मापुढं धरली. कमलम्मानं ती घेतली, पण खाल्ली नाही. पोरगी तिच्या बांगड्यांकडं हात करत होती.

"शनिवारचा गवंडी गेला," ती म्हणाली.

"सोमवारनंतर येईल की."

"येईल न्हायतर न्हाय येनार. लई कामं हायत त्याला." ती समोरच्या गाड्यांकडं बघत म्हणाली, "त्यो मला अव्वा म्हनला. आई."

प्रतिक्षा तिच्याकडं वळली.

"कोण?"

"त्यो. काल सांजंला. पयलं काय इचारलं ठावं हाय? जेवलीस का, म्हनला. अव्वा, ऊट आयता? चार वर्सं झाली, ह्या गावात मला माझ्या बोलीत कुनी जेवलीस का इचारलं न्हाय. पोरगीचा फोन येतो सनाला. सिद्धाराम हाय, पर त्यो बाप्यामानूस, त्यो असलं काय इचारत न्हाय. म्या त्याला समदं सांगितलं. ताडपत्रीचं, पावसाचं. त्यो म्हनला, काळजी करू नको अव्वा, मी हाय."

तिनं हे रडत सांगितलं नाही. ताट उपटताना जसा तिचा आवाज सपाट असायचा तसाच होता. चोर आहे तो, हे आता सांगायची गरज नव्हती. तिनं पोरीला उचलून कमलम्माच्या मांडीवर ठेवलं. कमलम्मानं तिला धरलं, पण तिच्याकडं बघितलं नाही.

बराच वेळ झाला, संघपालचा फोन आला का बघायला हवं, म्हणून प्रतिक्षानं फोन सुरू केला. सुरू होतो न होतो तोच वाजला. तोच नंबर. खात्याला नंबर कुणाचा हे काल त्याला समजलंच होतं. तिचं बोट लाल खुणेवर गेलं.

"कापू नको," कमलम्मा म्हणाली. "हिकडं दे."

"मावशी."

"आकडा मला म्हाईत न्हाय. काय देनार हाय म्या? दे."

प्रतिक्षानं दिला. कमलम्मानं तो कानाला लावला आणि ऐकत राहिली. पलीकडून आवाज येत होता, आधी गोड, मग घाईचा, मग चढा. दुसऱ्या गावची गाडी लागली म्हणून माणसं उठली, कंडक्टरनं घंटी दिली. पलीकडचा थांबला तेव्हा तिनं कानडीत दोनच वाक्यं म्हटली, हळू, समजूत घालावी तशी. मग फोन कानावरून काढून बघितला.

"ठिवला त्यानं," ती म्हणाली.

"काय म्हणलात?"

"म्हनलं, तुजी अव्वा कुटं असती रं. तिच्या डोक्यावर छप्पर हाय का."

गाडीत या वेळी ती मागच्या बाकावर, प्रतिक्षाशेजारी बसली. पोरगी तिच्याच मांडीवर झोपली. प्रतिक्षानं खिडकीला डोकं टेकलं आणि तिलाही झोप लागली. गावच्या फाट्याला कमलम्मानं तिला हलवून उठवलं.

रानात पोचल्या तेव्हा चार वाजून गेले होते. वारा सुटला होता आणि उपटलेली ताटं जागच्या जागी सळसळत होती. बायकांनी सगळ्या पाती पुढं नेल्या होत्या. कमलम्माची तेवढी अर्धी पात मध्येच भिंतीसारखी उभी होती. दुसऱ्याची पात टोळीत कुणी उपटत नाही. ती बाई परत यायची असते. नागूबाईनं वाकल्या वाकल्याच मान वळवून दोघींकडं बघितलं. प्रतिक्षानं मान डोलावली तेवढ्यावरून तिला कळलं असावं, कारण तिनं एकदम पाठ सरळ केली. चौदा दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांनी तिला नुसती पाठ सरळ करायला थांबलेली बघितलं.

कमलम्मानं पोरगी झोळीत ठेवली. चिंध्या हाताला गुंडाळल्या, दातानं गाठ मारली.

"प्रतिक्षाकडंच आकडा होता," ती नागूबाईला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तिनं मला बी सांगितला न्हाय. पैसं हाय तितंच हाय. सकाळी मी जे बोलले, ते ह्या रानात बोलले, ह्या रानात माघारी घेते. गावात कुनी बोललं तर माझं नाव सांगा."

यशोदा म्हणाली की बरं झालं बाई, आमची बँक शाबूत हाय, आता बोलत उभं ऱ्हाऊ नका, आभाळ बघा. पहिला थेंब तिच्या नाकावर पडला आणि ती स्वतःच दचकली.

कमलम्मा पातीत उतरली. बुडाशी धरलं, मागं कलली. माती फुटली. प्रतिक्षा बंध घेऊन तिच्या मागं उभी राहिली.